माझं दूध, तिचं दूध

शुक्र., ६ ऑगस्ट ७६
सकाळी नाशिकच्या गंगेवर स्नान केलं, ओला पंचा खांद्यावर तसाच, घरी न जाता शाळेत गेलो. प्रयोगशाळा उघडली आणि कु. पगारेंच्या बरणीवरचं फडकं उचलून वास घेतला. शिपाई यायच्या आत. का घेतला ते मला ठाऊक आहे.

बरणीत कच्चं दूध. काल दुपारी तिनं बारावीच्या मुलांसमोर ठेवलं. उकळायचं नाही, त्यात काही घालायचं नाही. आपोआप आधी कोणते जंतू वाढतात, त्यांच्या मागून कोणते येतात, ते रोज पाहायचं. आज अजून दूधच. जरासं आंबूस.

हेडसर म्हणतात, श्रावण संपला की तपासणीचे साहेब येतील. त्यांच्यापुढं जो तास घेईल त्याच्याकडं बारावीचं जीवशास्त्र. दुसऱ्यानं आठवी-नववीवर जायचं. मी या शाळेत केस पांढरे केले. ती जूनमध्ये आली. पुण्याची एम.एस्सी., तीही जंतूंचीच. वय माझ्या भाचीएवढं.

शनि., ७
दूध घट्ट झालं. मधल्या सुट्टीतसुद्धा मुलं बरणीभोवती. माझ्या तासाला हीच पोरं घंटेकडं कान लावून बसतात.

तिनं थेंब घेऊन, निळा रंग देऊन स्लाइड दाखवली. नुसत्या मण्यांच्या माळा, म्हणाली. हे पहिले, ती सांगत होती. हे दूध आंबवतात, आणि आंबटपणा वाढला की त्यात त्यांना स्वतःलाच जगवत नाही. मग काडीसारखे येतात, त्यांना आंबट चालतं. पुढं बुरशी, ती आंबटपणाच खाऊन टाकते. मी भिंतीपलीकडं वह्या तपासत होतो. माझ्याकडं बघून बोलली नाही, बघणार कशी. तरी मलाच म्हणतेय असं वाटलं.

चित्रकलेचे जोशी हे ऐकून म्हणाले, "आहेर, आपण मण्यांतले की काडीतले?" सगळे हसले. मीही.

रवि., ८
ठरवलं, आपणही करून बघायचं. घरी, कुणाला न सांगता. गवळ्याकडून आलेलं दूध सौ. चुलीवर ठेवायच्या आत पावशेर काढून लहान पातेलीत ठेवलं. वर फडकं बांधलं. फळीवर, मांजरापासून लांब. संध्याकाळी कीर्तनाला गेलो. लक्ष नव्हतं.

सोम., ९. श्रावणी सोमवार
पहाटे फडकं सोडलं तर दूध पुरतं घट्ट झालेलं. तिचं दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळलं, माझं एका रात्रीत. तसाच पातेली घेऊन शाळेत. स्लाइड केली. माळाही आहेत आणि काड्याही आहेत, बरोबरीनं. म्हणजे पहिली पायरी एकट्या माळांची, ती इथं नाहीच.

हेडसरांना बोलावून दाखवलं. तिलाही. पुस्तकं परदेशातली, म्हटलं, इथलं दूध, इथली हवा वेगळी. ती बराच वेळ डोळा लावून बसली. "दिसतंय खरं, सर," म्हणाली. बारावीच्या मुलांना लिहून घ्यायला सांगितलं. आहेर सरांच्या निरीक्षणानुसार, असं. हेडसर खूश. साहेबांपुढचा तास माझा.

संध्याकाळी उपास सोडायला बसलो. सौ. म्हणाली, "दही कुठं नेलं?"
कसलं दही, म्हटलं.
"अहो, पातेलीतलं. दूध काढून ठेवलेलं दिसलं. मला वाटलं, उद्या सोमवार म्हणून ठेवलं न् सांगायला विसरले. कोमट केलं, विरजण लावलं, परत तिथंच ठेवलं."

इतकं सुरेख, बोट लावलं तर ठसा उमटेल असं दही. कळवणकडच्या खेड्यात बालपण गेलं माझं, दुभत्याच्या घरात. आणि मला ते ओळखू आलं नाही. ओळखायचं नव्हतं.

गुरु., १२
कुणाला बोललो नाही.

कु. प. नं परत दूध ठेवलं. एकदा झालं, दुसऱ्यांदा ठेवलं. पहिल्या दिवशी माळाच. काड्या येतात त्या मागून. तिच्या जुन्या बरणीवर आता पांढरी बुरशी, मखमलीसारखी. अगदी तिनं सांगितलं होतं त्या क्रमानं. तरी मला म्हणते, "माझ्याच हाताचं काहीतरी चुकतंय, सर. तुमच्यासारखं येतच नाही."
बरं वाटलं. लिहून ठेवतो, बरं वाटलं.

रवि., १५
झेंडावंदन. भाषणात हेडसरांनी माझं नाव घेतलं, आपल्या शाळेत लागलेला शोध म्हणाले. संस्थेचे लोक समोर. टाळ्या. ती शेवटच्या रांगेत मुलींबरोबर उभी होती, तीही वाजवत होती.

सोम., १६
सोमेश्वरला चालत गेलो. बेल वाहिला. महादेवापुढं उभं राहून काय मागावं माणसानं? संस्थेच्या दुसऱ्या शाळेत तिची बदली. मागून झाल्यावर जिभेला कडू लागलं. जप केला. माळ ओढताना बरणीच आठवत होती.

बुध., १८
संध्याकाळी ती घरी आली. सोबत बाटली. आमच्या गवळ्याचं दूध हवं, त्याच दुधात करून बघते म्हणाली. सौ.नं बसवलं, ताक दिलं. दोघींचं जमलं. वडील नाशिकरोडला नोकरीत, घरात शिकलेली पहिलीच. सौ. विचारत होती, ती सांगत होती. मग तिनं विचारलं, "काकू, त्या दिवशी सरांनी दूध कुठं ठेवलं होतं?"

सौ.नं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. इतकीच, दिसेल न दिसेल अशी.
"फळीवर," सौ. म्हणाली. "मला काय त्यातलं कळतंय बाई."

ती गेल्यावर भांडी घासायला बसली. माझ्याकडं पाठ.
"लय हुशार पोर आहे. तिला येडं करून तुम्हाला काय मिळायचं?"
बारावी, म्हटलं.
"मग घ्या की. पण मला पुन्हा असं मान हलवून सांगू नका."
पान वाढलं, पाणी ठेवलं, आत गेली.

गुरु., १९
शाळेत गेलो, आलो. पोथीची पानं उलटली, वाचलं काहीच नाही. उद्या सांगून टाकतो.

शुक्र., २०
आधी हेडसरांकडं जायचं ठरवलं होतं. पाय बारावीकडं वळले. तिचा तास चालू. दारात उभं राहून आत येऊ का विचारलं. मुलं उठली, बसली.

म्हटलं, माझ्या दुधात घरच्या विरजणाचा थेंब पडला होता. मला नऊ तारखेच्या संध्याकाळीच कळलं. बाईंचं बरोबर आहे, माझं खोडून टाका.

मुलं हसली. मागून कुणीतरी विचारलं, "सर, दही गोड होतं का?" आंबट, म्हटलं. आणखी हसली.

ती हसली नाही. फळ्याकडं तोंड करून उभी होती. मग खडू ठेवला. "तेव्हाच सांगायचं होतंत, सर. इतके दिवस मला वाटत होतं, आपल्याला काही येतच नाही."
मुलांसमोर. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

मधल्या सुट्टीत हेडसरांना सांगितलं. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. साहेबांना कळवून बसलोय, म्हणाले. तास कुणाचा ते सोमवारी बघू. रागावले असते तर बरं झालं असतं.

हलकं वाटेल अशी आशा होती. तसं काही नाही. शाळा सुटायच्या आधी बारावीच्या वर्गावरून आलो. आत ती शिकवत होती. मुलं इतकी गप्प की पंख्याचा आवाज येत होता. माझ्या तासाला कधी बसली नाहीत अशी. हेवा होता तसाच. पण सांगून आलो.