साहेबांना मराठी येत नाही

कलबुर्गी,
ता. ११ मार्च २०२५

तीर्थस्वरूप राजूआत्यास मुकुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. हर्षिताची दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे, त्यामुळे घरात टीव्ही बंद आणि माझी वटवट चालू. ऊन आताच सोसवेना झालंय. तुझा गुडघा कसा आहे? पल्लवी तेल लावून देते ना?

हाताशी फोन असताना ह्यानं पत्र कामून लिवलं, असं तू पल्लवीला विचारशीलच. परवा फोन केला होता. तू "बोल रं बाळा" म्हणालीस आणि मी हवापाणी विचारून ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला की पुढचं बोलवत नाही, म्हणून कागद घेतला.

पल्लवी, हे तूच सासूबाईंना वाचून दाखवणार. एक विनंती आहे. काही गाळू नकोस आणि काही मऊ करू नकोस. आमच्या ऑफिसातल्या प्रशांतकुमारनं ते आधीच केलं आहे.

इथवर लिहून उठलो आणि उगाच चहा करून प्यायलो. आता लिहितो.

आत्या, माझं काम काय, हे मी तुला कधी धड सांगितलं नाही. खाणीतला दगड काढून झाला की मालकानं खड्डा तळापासून भरून, दाबून, वर माती पसरून जमीन पुन्हा वापरण्याजोगी करून द्यायची असते. केली नाही तर आमचं खातं नोटीस काढतं. मग दोन्ही बाजूंचं ऐकून निकाल देतो तो सुनावणी अधिकारी. तो मी. तुमच्या कमठाण्याच्या गुरुशांतप्पांच्या लाल दगडाच्या खाणीची फाईल माझ्याकडे आली, तेव्हा तक्रारदारांत पहिलंच नाव तुझं होतं.

घरच्या माणसाचं प्रकरण असेल तर अधिकाऱ्यानं बाजूला व्हायचं असतं. 'तक्रारदार माझी आत्या आहे' एवढी एक ओळ वर पाठवायची, की फाईल दुसऱ्याकडे जाते. ती ओळ मी लिहिली नाही.

कारण सांगतो, पण ते ऐकून तुला माझी कीव येईल. या ऑफिसात मी कन्नड बोलणारा मुकुंदराव आहे. मेहकरच्या मराठी मास्तरांचा मुलगा, आत्याच्या घरी राहून शिकलेला, हे इथे कोणाला माहीत नाही. मागे एका अधिकाऱ्यावर, हे आपल्या भाषेवाल्यांच्या बाजूनं निकाल देतात, असा बोभाटा झाला होता. निकाल सरळ होते, तरी त्यांची बदली झाली. त्या दिवसापासून मी डब्याच्या वेळीसुद्धा मराठीचा शब्द काढत नाही. एवढी वर्षं जपलेलं सोंग तुझ्या एका नावानं उतरलं असतं. एवढंच कारण. गुरुशांतप्पांचा मी चहासुद्धा घेतला नाही आणि त्याचाच तोरा मिरवत होतो.

जागा पाहायला यायला हवं होतं. आलो असतो तर तू बांधावर उभी राहून "जेवून जा" म्हणाली असतीस, म्हणून आलो नाही. मालकानं दिलेल्या फोटोंवर भागवलं. फोटोत सपाट लाल जमीन होती आणि करंजाची रोपं ओळीनं लावलेली होती.

मग तुम्ही सुनावणीला आलात. दारातून मला पाहिल्यावर तू हसलीस. हाक मारायला तोंडही उघडलं होतंस. मी फाईलमध्ये डोकं घातलं. जरा वेळानं वर पाहिलं, तर तू भिंतीकडच्या बाकावर पदर सावरून बसली होतीस, परक्या घरी बसावं तशी.

शपथ झाल्यावर प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा लागतो: मालकाशी किंवा इथल्या अधिकाऱ्याशी काही नातं आहे का? तो मी तुला कन्नडमध्ये विचारला. तुला अहो-जाहो करून विचारला. प्रशांतकुमारनं तो मराठीत सांगितला. तू माझ्याकडे पाहिलंस. माझ्या तोंडावर तुला काय दिसलं असेल ते मी रोज आठवतो.

"न्हाई साहेब," तू म्हणालीस, "हितं माझं कोण बी न्हाई."

देवळातल्या शपथेलाही घाबरणारी तू. माझ्यासाठी खोटं बोललीस आणि मी ते लिहून घेतलं.

पुढचं तू मराठीत सांगायला लागलीस. मी प्रशांतकुमारला म्हणालो, यांना कन्नडमध्ये बोलायला सांगा. त्यानं तुला सांगितलं, "साहेबांना मराठी येत नाही." तू मान डोलावलीस. तुला कन्नड येतं ते बाजारापुरतं. दोन वाक्यांत अडलीस आणि पुन्हा मराठीवर आलीस. तू म्हणालीस, "वरून हातभर माती टाकलेत साहेब, खाली नुसता गाळ हाय. माझी म्हैस पोटापर्यंत गेली, दोर लावून वढली. उद्या मानूस जाईल." प्रशांतकुमारनं त्याचं कन्नड केलं: जमीन ओलसर असते, जनावरांना चालायला त्रास होतो. तो वाईट माणूस नाही. जेवणाची वेळ झाली होती, एवढंच.

मला शब्दन् शब्द कळला होता. 'असं नाही म्हणाल्या त्या,' एवढं बोललो असतो तर बास होतं. पण मग साहेबांना मराठी येतं हे सगळ्यांना कळलं असतं. मी गप्प राहिलो आणि कागदावर होतं तेवढ्यावर निकाल दिला. खड्डा समाधानकारक बुजवला आहे, मालक मोकळे. खाली सही माझी.

तू बसस्टँडपर्यंत उन्हात चालत गेलीस, हे मी वरच्या खिडकीतून पाहिलं. माझी गाडी खाली रिकामीच उभी होती.

एवढ्यावर मी गप्प बसलोही असतो. खरं तेच सांगतो. पण मागच्या आठवड्यात पल्लवीचा फोन आला. निकाल लागताच गुरुशांतप्पांच्या माणसांनी भोवतालचं काट्याचं कुंपण काढून नेलं, कागदावर आता तिथे खड्डाच नाही म्हणून. लोक जवळची वाट म्हणून त्यावरून जायला लागले. आणि तू सकाळपासून तिथे काठी घेऊन बसतेस, येणाऱ्या-जाणाऱ्याला वळसा घालायला लावतेस, जेवायलासुद्धा घरी येत नाहीस. पल्लवी म्हणाली, "आत्याबाई म्हनल्या, मुकुंदाला सांगू नको, त्येच्या जिवाला लागंल." पल्लवीवर रागावू नकोस.

फोन ठेवल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडलो. या वयात.

काल वरिष्ठांकडे, संगमेश साहेबांकडे अर्ज दिला: तक्रारदार माझी सख्खी आत्या आहे, मी ते लपवलं, तिचं म्हणणं समजूनही चुकीचं नोंदवू दिलं, निकाल रद्द करावा. कुंपण आजच्या आज परत घालायला सांगा, हेही लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि दार लावून घेतलं. मग म्हणाले, बाई तर शपथेवर नातं नाही म्हणाल्या आहेत. त्यांना पुन्हा बोलावतो. त्या आहे म्हणाल्या तर निकाल रद्द होईल, मी स्वतः जागेवर जाईन, आणि तुमची चौकशी लागेल. नोकरी राहील असं सांगता येत नाही. नाही म्हणाल्या, तर तुम्ही कामाच्या ताणात काहीतरी लिहिलंत असं समजून मी हा कागद फाडतो. कुंपणाचंही तेव्हाच बघू. त्यांना वाटलं, ते माझ्यावर उपकार करतायत.

तुझ्या पहिल्या उत्तराबद्दल मी अर्जात लिहिलं आहे की मीच तुझ्यावर ती वेळ आणली. तरी तुला चार शब्द ऐकावे लागतील. त्याची माफी मागायलाही तोंड नाही.

पुढच्या सोमवारी तुला बोलावणं येईल. आत्या, मी तुला ओळखतो. तू गाडीत बसल्यापासून माझ्या नोकरीचा, हर्षिताच्या शिक्षणाचा विचार करशील, आणि तिथे उभी राहून पुन्हा "न्हाई" म्हणशील. मग घरी जाऊन काठी घेऊन त्या खड्ड्याशी बसशील, मरेपर्यंत. मला ते नको आहे. मी दारात उभा असेन. माझ्याकडे बघू नकोस. सगळ्यांसमोर सांग मी तुझा कोण ते.

तुझ्या भावाचा मुलगा,
मुकुंद