‘मी ऐकतो’ डॉट कॉम

६ जानेवारी २०२५
निर्णय झाला. स्वेच्छानिवृत्ती घेऊन तीन महिने झाले. समुपदेशनाचा डिप्लोमा फ्रेम करून भिंतीवर लावला, पुढची खोली रिकामी केली. आता कमी फक्त वेबसाइटची. संक्रांतीपर्यंत साइट सुरू म्हणजे सुरू. बायकोला, म्हणजे रत्नमालाला, सगळा प्लॅन सांगितला. ती मशीनवर ब्लाउज शिवत होती. मधे काहीतरी म्हणाली. मी बोलत असल्यामुळं नीट ऐकू आलं नाही.

९ जानेवारी
टीव्ही सेंटरजवळ उजमा म्हणून एक मुलगी साइट बनवून देते. तिच्याकडं दोन तास बसलो. ब्रीदवाक्य ठरलं : ‘मी ऐकतो.’ उजमानं दोनदा काही विचारायचा प्रयत्न केला, पण माझा फ्लो तुटला असता.

१५ जानेवारी
संक्रांत झाली. साइट नाही. कारण ‘माझ्याविषयी’ हे पान. बावीस पानांचं झालंय. उजमाला दीडशे शब्द हवेत. तडजोड म्हणून मी बालपण थोडं कमी केलं. ती म्हणाली, ज्यांना झोप लागत नाय त्यांना हेच वाचायला द्या सर. उपयुक्त सूचना. निद्रानाशाचं वेगळं पान करायचं.

२३ जानेवारी, सकाळी ११
फोटो काढले. हनुवटीवर हात, नजर दूर. उजमाच्या मते दाढ दुखत असल्यासारखा दिसतो. तिनं दोन खुर्च्यांचं चित्र टाकलं.
लोकांचे अभिप्राय हवेत. लोक अजून आलेले नाहीत, म्हणून तीन मीच लिहिले. एक सोयगावच्या बाईंचा तर फारच हृदयस्पर्शी उतरला. उजमानं झूट टाकणार नाय म्हणून सांगितलं. मोठ्या मनानं माघार घेतली.

१ फेब्रुवारी
साइट सुरू! फोन नंबर रत्नमालाचा दिलाय. समुपदेशक स्वतः फोन उचलतो म्हणजे रिकामा बसलाय असं वाटतं.

४ फेब्रुवारी
चार दिवसांत साइट ३१२ वेळा उघडली. प्रचंड प्रतिसाद. त्यातल्या २९० वेळा आमच्याच घरातून, असं उजमानं कारण नसताना कळवलं.

१२ फेब्रुवारी
रत्नमालाचा फोन सारखा बिझी. कुणी बिडकीनचा, कुणी देवगाव रंगारीची. चाळीस-चाळीस मिनिटं चालतं. बोलते काय, तर ‘हं’, ‘मग?’ आणि ‘तुम्हाला काय वाटलं तेव्हा?’ मशीन बंद करून ऐकत बसते. अर्धे ब्लाउज रखडलेत. रिसेप्शनवरच्या माणसानं दोन मिनिटांत अपॉइंटमेंट द्यायची असते, हे तिला तासभर समजावलं. ती म्हणाली, मी देते हो, पण ते म्हणतात आता बरं वाटतंय.
निष्कर्ष : साइटचा रंग चुकलाय. निळा करायचा.

२७ फेब्रुवारी
पहिली क्लायंट! देवगावहून एसटीनं द्वारकाबाई आल्या. दीड वर्षापूर्वी नवरा गेला, मुलगा कामाला बिडकीनला, घरी एकट्याच. मी दुःखाच्या पाच पायऱ्या समजावून सांगायला घेतल्या. तिसऱ्या पायरीवर होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, “ताई कुठं हाईत?”
त्या स्वयंपाकघरात गेल्या, दीड तास तिथंच. मी दोनदा पाणी नेऊन दिलं. दुसऱ्यांदा त्या रडत होत्या, रत्नमाला गप्प होती. मला सुचलेली चौथी पायरी सांगणार होतो. रत्नमालानं माझ्याकडं फक्त पाहिलं.
निघताना द्वारकाबाई मला म्हणाल्या, “दीड सालात पैल्यांदा कुणी पुरतं बोलू दिलं. साहेब, तुमच्या हापिसातली ही बाई लई गुणाची हाय. तिला सोडू नका.”

६ मार्च
साइटवर सात अभिप्राय आले. खरे. सगळे ताईंबद्दल. ‘ताई’च्या जागी ‘सर’ एवढाच किरकोळ बदल सुचवला. उजमानं फोन ठेवला. बहुतेक रेंज गेली.

१३ मार्च, संध्याकाळी ६
माझ्याकडं कुणीच येत नाही, म्हणजे साइटवरच्या अपॉइंटमेंटच्या फॉर्ममध्ये बिघाड असणार. तपासायला दुपारी मीच भरला. नाव पुंडलिक, वय ५३. ‘तुमची अडचण’ या रकान्यात काहीतरी टाकायचं म्हणून टाकलं : कुणाशी बोलावं कळत नाही.
फॉर्म चालतो. पाच मिनिटांत रत्नमाला हातात फोन घेऊन पुढच्या खोलीत आली, समोरच्या खुर्चीवर बसली. म्हणाली, “ऑफिस सुटल्यापासून करमत नाही ना तुम्हाला?”
मी आधी साइटबद्दल सांगायला लागलो. मग ऑफिसबद्दल. निरोप समारंभाला नऊच जण आले होते, हे तिला सांगितलं नव्हतं. तेही सांगितलं. ती मधे एकदाही बोलली नाही. मला थोडी सर्दीही झाली होती.
बरं वाटलं. पुन्हा कधी बसायचं, विचारलं.
तिनं वही उघडून पाहिली. म्हणाली, पुढच्या बुधवारपर्यंत जागा नाही.