आईच्या हळदीच्या दुधाची चव

तीर्थरूप बाबांना,
कंबर धरली आहे, तरी वाकून नमस्कार.

आधी माझी गंभीर तक्रार ऐका. हळदीने माझा एकुलता एक बरा शर्ट पिवळा केला आहे. उद्या कामावर सगळे कावीळ समजून माझ्यापासून लांब बसतील.

आई गेल्यापासून तुम्ही करता त्या हळदीच्या दुधाला तिची चव येत नाही, म्हणून तुम्ही मला कृती विचारलीत. मीही सुंठ, मिरपूड, वेलची, सगळं घालून पाहिलं. दूध रोज छान होत होतं आणि रोज चुकत होतं.

आज दूध तापत ठेवलं आणि धाकटीचा फोन आला. "दादा, जेवलास का? खोटं बोलू नकोस!" तिची उलटतपासणी संपेपर्यंत दूध खाली लागलं. वैतागून घोट घेतला, आणि बाबा, तीच चव!

आई दूध गॅसवर ठेवून आपल्याला बोलवायला यायची. तुम्ही पेपराआडून म्हणायचात, "आलोच." मीही तेच. ती दारातच उभी. "तुम्हा बापलेकांचं 'आलोच' म्हणजे उद्या!" तिकडे दूध लागत असायचं. ही कृती लिहून कशी देऊ?

तुमचा खोकला कसा आहे? दूध फार ढवळू नका, थोडं लागू द्या.

मी मजेत आहे. पातेलं मात्र शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंचं होतं. ते काही माझ्याने घासवेना. नवं आणून आत्ताच त्यांच्या दाराशी ठेवून आलो.

तुमचा,
थोरला