लिटल हेब्रॉनच्या चुलीखालची जमीन

मी, लुविनिया टॉलिव्हर, राहणार पायनी फोर्ड, जॉर्जिया, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. कुणाला शंका असेल तर त्याने रविवारी लिटल हेब्रॉन बॅप्टिस्ट चर्चमध्ये माझ्याशी वाद घालून पाहावा.

१. माझे राहते घर भाची व्हर्डेल हिला मिळावे. तिच्या नवऱ्याने तिथे राहायला हरकत नाही. सल्ले देऊ नयेत.

२. चर्चला घालायच्या माझ्या टोप्या महिला मंडळाने वाटून घ्याव्यात. पिसांची जांभळी टोपी मात्र माझ्यासोबत पुरावी. तिच्यामुळे मागच्या बाकांवरून पास्टर दिसत नसत, आणि आजवर एकानेही तक्रार केलेली नाही.

३. आता मुद्द्याचं. आमचे नवे पास्टर, रेव्हरंड डॉक्टर कॉर्टलँड बीझली, यांना चर्च हॉटेलवाल्यांना विकून हायवेलगत मोठं बांधायचं आहे. तिथे म्हणे गाड्या लावायला भरपूर जागा आहे. इथल्या म्हाताऱ्यांपैकी गाडी कुणाकडे आहे, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. सौदा ठरला, केकही कापला, आणि मग वकिलाला कळलं की चर्चचं स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची एकुलती वाट माझ्या जमिनीवर आहे. आजोबांनी ती चर्चला नुसत्या तोंडी शब्दावर वापरायला दिली होती. त्या काळी आमच्या काळ्या माणसाने कचेरीत जमिनीचा कागद नेला, की कागद परत यायचा, जमीन नाही.

दुसऱ्याच दिवशी पास्टर फुलं घेऊन दारात.

"मदर टॉलिव्हर, चर्च म्हणजे काही विटा नव्हेत. चर्च म्हणजे माणसं."

"अगदी बरोबर बोललात. आणि माणसं इथं राहतात. तुम्ही खुशाल जा."

याच स्वयंपाकघरात कोलार्डची पालेभाजी चिरता चिरता माझ्या आईने बायकांना मतदार म्हणून नाव कसं नोंदवायचं ते शिकवलं. संपावरचे गिरणी कामगार इथंच जेवले. गावात कुणी गेलं, की मातीहून परतलेली माणसं इथंच पानावर बसतात. गेलेला चर्चला येत होता की नाही, हे कुणी विचारत नाही. माझा नवरा थिओ वारला तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरेना, तर इथल्या बायकांनी मला हाताने भरवलं. ते मी विकू? नुसत्या विचारानेही अंगाचा तिळपापड होतो.

४. म्हणून ती जमीन मी युडोरा पेटवे हिला देत आहे. व्हर्डेल, किंचाळू नकोस. तू मऊ मनाची, दोन फुलांत सही करून मोकळी होशील. युडोरा आणि मी त्या एका चुलीवर जन्मभर भांडलो. मी भाजीत मीठ घातलं, की माझी पाठ वळताच ती पाणी ओतायची. बाई कुचकट आहे, हट्टी आहे, आणि आजवर एकाही पास्टरला ती "हो" म्हणालेली नाही. यापेक्षा भक्कम कुंपण मला सुचलं नाही.

अट एकच: गावात कुणाचीही माती झाली, की त्या दिवशी चूल पेटलीच पाहिजे. सुरुवात माझ्यापासून करावी. युडोरा, भाजी तूच कर, पाणी घाल हवं तेवढं. आणि माझ्या व्हर्डेलला जेवल्याशिवाय घरी सोडू नकोस.

सही: लुविनिया टॉलिव्हर

मजकूर आमच्यासमोर मोठ्याने वाचला गेला. हसू आवरून सह्या केल्या.
साक्षीदार: चर्चचे डीकन एल्रॉय स्पाइव्ही
साक्षीदार: झेनोबिया क्रेन

पायनी फोर्ड, १४ मार्च २०१९