नकाशेवालीचं पान

प्रिय लेखिकाबाई,

या नावानं हाक मारली की तू चिडायचीस. "एकच तर पुस्तक लिहिलंय, बाई कसली!" म्हणायचीस. आताही चिड हवं तर, पण पत्र न वाचता टाकून देऊ नकोस. वेगळे झाल्यापासून चार वर्षांत मी तुला फक्त सह्या करायचे कागद पाठवले. पत्र हे पहिलंच. तुझा खोकला कसा आहे? तुझी बहीण अधूनमधून कळवते, पण हातचं राखून कळवते, आणि ते बरोबरच आहे.

मी अजून प्रकाशनाच्या त्याच तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला पाठ करून बसतो. कामही तेच. अवकाशातल्या लढायांचे तीन सिनेमे, आणि त्यांच्या मधल्या वर्षांत काय काय घडलं ते सांगणाऱ्या आता सतरा कादंबऱ्या. लिहिणारे सहा जण आणि त्यांचा मेळ लावणारा मी एकटा. कुणाचा डावा हात तुटलाय, कोणता ग्रह जळालाय, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं माझ्या कार्डांवर. मध्यंतरी एकानं तेराव्या पुस्तकात मेलेल्या सेनापतीला सोळाव्यात चहा पाजला. मी समासात लिहिलं, 'साहेब वारले आहेत.' त्याचं उत्तर आलं, 'दोनच ओळी आहेत, पिऊ द्या की.' तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मी हसलो, पण ऐकायला कुणी नसलं की हसू लवकर संपतं.

चौथं पुस्तक तुझं. आपली खारू गेली त्याच्या पुढच्या वर्षी तू ते लिहायला घेतलंस, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तिच्या खुर्चीसमोर बसून. हस्तलिखित मी ऑफिसात उघडलं आणि बाराव्या पानावर थांबलो. जळत्या ग्रहावरून निसटलेल्या माणसांत नऊ वर्षांची एक मुलगी होती. नाव वेगळं, पण विनोद सांगायच्या आधीच हसत सुटणारी, गालात खाऊ साठवणारी, मिळेल त्या कागदावर रस्ते काढणारी. यानावरची मंडळी तिला नकाशेवाली म्हणायला लागली. मी कार्ड केलं, 'वय वर्षं नऊ' लिहिलं आणि जिन्यात जाऊन बसलो. संध्याकाळी तू विचारलंस, "कशी वाटली?" मी म्हणालो, "बाराव्या पानावर तारखेची चूक आहे." तू मान हलवलीस आणि ताटं घ्यायला उठलीस. आपलं घर मोडलं ते त्या संध्याकाळी, असं मला आता वाटतं. कागदांवर सह्या नंतर झाल्या, एवढंच.

पुढचं पुस्तक तू लिहिलं नाहीस, पण प्रत्येक नवं पुस्तक पहिल्याच दिवशी विकत घेतेस, हे तुझ्या बहिणीच्या तोंडून एकदा निसटलं. म्हणजे तूही माझ्यासारखीच नकाशेवालीची वाट बघत होतीस. सहाव्या पुस्तकात लिहिणाऱ्यांतल्या त्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या भुवईवर जखमेची खूण दिली, तेव्हा मला त्यांचा केवढा राग आला होता! नवव्यात ती सोळाची झाली आणि कप्तानाला तोंडावर खोटारडा म्हणाली. बाराव्यात मोठ्या कानांच्या एका यंत्रदुरुस्तीवाल्याच्या प्रेमात पडली. मला तो अजिबात पसंत नव्हता. मी समासात विचारलं, 'जरा घाई होतेय का?' उत्तर आलं, 'ती चोवीसची आहे हो!' लिहिणाऱ्यांपैकी कुणाला खारूबद्दल काही ठाऊक नव्हतं. आपली मुलगी परक्या माणसांनी वाढवली, एकेका पुस्तकात थोडी थोडी. कार्डावरचं जुनं वय खोडून नवं लिहिताना माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

गेल्या उन्हाळ्यात सिनेमावाल्यांचं पत्र आलं. चौथा सिनेमा काढताहेत. त्याची गोष्ट चाळीस वर्षांनंतर सुरू होते, आणि सुरुवातीलाच नकाशेवालीचं यान फुटक्या अवस्थेत सापडतं. आत जिवंत कुणी नाही. म्हणून सतराव्या पुस्तकात यानावरच्या सगळ्यांचा शेवट करायचा. ते पुस्तक मास्तरांकडे होतं, निवृत्तीनंतर लिहायला लागलेले ते गणिताचे मास्तर, तुला आठवत असतील. अठरा वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा बैठकीत हात वर केला. म्हणालो, नकाशेवालीला आधीच्या तळावर उतरवू या. ताप आला म्हणू, लग्न ठरलं म्हणू, काहीही म्हणू. सिनेमाकडून आलेली मुलगी समजावणीच्या सुरात म्हणाली, "एकीलाच उतरवलं तर ती कुठे गेली, असं वाचक विचारत बसतील." मी म्हणालो, "विचारू देत की." सगळे हसले. मलाही हसावं लागलं.

बैठक उठल्यावर मास्तर माझ्या टेबलाशी आले. "खरं सांगा, ही तुमची कोण?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी खारूबद्दल सांगितलं, तेही ऑफिसात, फोन वाजत असताना. मास्तर समोरची खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "मी तिचं पान लिहीत नाही. तुम्ही लिहा. तुम्हाला नाही जमलं तर मी लिहीन, पण मग तुम्ही ते बघू नका."

पुस्तक सोमवारी दुकानांत येतंय. तू दुकानात उभ्याउभ्याच शेवटची पानं चाळतेस, हे मला माहीत आहे, म्हणून आधी कळवतोय. पान दोनशे एकेचाळीस. ते मी लिहिलंय, तीन आठवडे लागले, मास्तरांनी स्वल्पविरामालाही हात लावला नाही. खारूच्या शेवटच्या सकाळी तू दवाखान्यातून दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, "एवढं प्रूफ संपवून निघतो." प्रूफ वगैरे काही नव्हतं गं. टेबल मोकळं होतं. मी नुसता बसून होतो, कारण मला ते बघवणार नव्हतं. तू पुढे कधीही विचारलं नाहीस, आणि तू विचारत नाहीस हेच मला घरात सोसेना. त्या पानावर एक म्हातारा प्रवासी आहे. आधीच्या कुठल्याच पुस्तकात तो नाही, त्याला नावही नाही. बाकीचे धावपळ करत असतात आणि तो नकाशेवालीचा हात धरून तिच्याशेजारी बसतो. माफ कर म्हणायचं तोंड मला नाही. पण तो शेवटपर्यंत जागचा उठला नाही, एवढं तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

तुझाच,
खारूचा बाबा