सखारामचं घड्याळ आणि माझी घटिका

पूर्णगड, माघ वद्य ५

सखाराम पलटणीतून पेन्शन घेऊन कायमचा आला. जर्मनची लढाई संपून नऊ वर्षं झाली, तरी याची पलटण काही सुटत नव्हती. आता हवालदारसाहेब. बंदरावर गेलो होतो. पोट जरा सुटलंय, मिशी तीच. होडीतून उतरताना डाव्या मनगटावर काहीतरी चमकलं.

"सखा, बांगडी कधीपासून भरतोस रे?"

सगळं बंदर हसलं. सखाही हसला. "भटजी, घड्याळ हाय ह्ये. लढाईत दोनी हातांत बंदूक. खिशात हात घालायला वेळ कुठचा? म्हणून मनगटावर."

पुरुषमाणसाचं घड्याळ खिशात, साखळीला. मनगटावरचं आजवर मी फक्त रत्नागिरीत एका मडमेच्या हातात पाहिलंय. याच्या काचेवर तर पत्र्याची जाळी. गोळीचा कपचा लागून काच फुटू नये म्हणून, म्हणे. वेळ सांगणाऱ्या वस्तूला चिलखत! असो. लहानपणचा सोबती परत आला, बरं वाटलं. (यापुढे त्याला 'स.' लिहीन. शाई महाग झाली आहे.)

माघ वद्य ९

आज फजिती. स. म्हणाला, घड्याळाचे आकडे अंधारात हिरवे दिसतात. मी म्हटलं, थापा मार. भर दुपार, अंधार आणायचा कुठून? शेवटी आमच्या पडवीत दोघांनी डोक्यावरून घोंगडी घेतली. खरंच दिसले! बारीक, काजव्यासारखे हिरवे. मी "अरे अरे" करतोय तेवढ्यात सौ. ताकाचं भांडं घेऊन बाहेर आली.

"पन्नाशी उलटली हो दोघांची," एवढंच बोलली. ताक आत घेऊन गेली.

फाल्गुन शु. ४

गावाला घड्याळाची बाधा झाली आहे. तरीवाला होडी सोडताना पूर्वी म्हणायचा, "पान खाऊन घेतो." आज म्हणाला, "पाच मिनिटं थांबा." पाच मिनिटं म्हणजे किती ते त्याला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही, पण सगळे थांबले. पान खायचा तेव्हा एवढे शिस्तीत कोणी थांबत नव्हतं. शाळेची घंटा स.ला विचारून होते. सौ. काल भात चुलीवर ठेवून शेजारच्या मुलीला म्हणाली, "जा, हवालदारांना विचार किती झाले." तीस वर्षं भात तिच्या नाकाला कळत होता.

पूर्वी वेळ विचारायला लोक माझ्याकडे येत. अंगणातल्या तुळशीची सावली बघून मी सांगत असे. या आठवड्यात एकच माणूस आला, तोही आंधळा अनाजी. लिहायला लाज वाटते, पण पोटात दुखलं.

चैत्र शु. १, पाडवा

गुढी उभारली. नव्या पंचांगाची पूजा. दुपारी स. सपत्नीक आला, मागे पोरगीही. थोरली मुलगी यमुना हिचं लग्न मालगुंडच्या मुलाशी ठरलंय, तिथी काढून द्या म्हणाला. मुलगा मुंबईस गिरणीत फिटर, बापाचा शिडाचा मचवा आहे. दीड तास (हे बघा, मीसुद्धा 'तास' लिहू लागलो) पंचांगात डोकं घालून वैशाख शु. दशमी काढली. मुहूर्त सूर्योदयापासून बारा घटका.

स.: "घड्याळात सांगा."

आता आली का पंचाईत! पण मी काही कमी नाही. पंचांगात त्या दिवशीचा सूर्योदय पावणेसहाच्या सुमाराचा. घटका म्हणजे चोवीस मिनिटं. बारा घटकांचे पावणेपाच तास आणि वर थोडी मिनिटं. म्हटलं, "साडेदहा." अगदी सहज, जणू रोजच सांगतो. सौ. दाराआडून बघत होती. तिच्याही तोंडावर कौतुक दिसलं, किंवा मला तसं वाटलं.

मग वाद. स. म्हणतो, मुहूर्त घड्याळावर लावू. मी म्हटलं, मग मला कशाला बोलावतोस? त्या घड्याळालाच दक्षिणा दे नि त्याच्याकडून मंगलाष्टकं म्हणून घे! आमची घटिका पाच पिढ्यांची. तांब्याची वाटी, बुडाशी सुईच्या टोकाएवढं भोक. सूर्याचं अर्धं बिंब दिसलं की पाण्यात सोडायची. भरून बुडली की एक घटका. किल्ली नको, जाळी नको. शेवटी यमुनाच म्हणाली, "दोनी ठेवा की. एक बाबांचं, एक भटजीकाकांचं." पोरीला अक्कल आहे. बापाची नव्हे.

चैत्र वद्य २

संध्याकाळी किल्ल्यावर स.बरोबर बसलो होतो. त्याला विचारलं, एवढा कसला रे सोस तुला मिनिटाचा?

समुद्राकडे तोंड फिरवलंन. मग सांगितलंन. हल्ल्याच्या आदल्या दिवशी सगळे साहेब घड्याळं जुळवून घेत. एकाच मिनिटाला शिटी, एकाच मिनिटाला सगळी पलटण चरातून वर. "सकाळी सात धा. शिटी वाजली. माज्या डाव्या हाताला येळणेश्वरचा धोंडू व्हता. सात अकराला नव्हता."

मी त्याच्या मनगटाकडे पाहिलं.

"तो पण मुहूर्तच, भटजी. सायबानं काढलेला. अजून सकाळी सात धाला माजा हात आपसूक घड्याळाकडं जातो." मग म्हणाला, "एक तरी मिनिट असं पायजे की त्या येळेला चांगलं काय झालं. पोरीचं लगीन नेमक्या मिनिटाला लावा. माजं दुसरं मागणं नाय."

चेष्टा केली त्याची, वाईट वाटलं. घरी येऊन घटिका चिंच लावून घासली. लख्ख केली.

वैशाख शु. ९

उद्या लग्न. मांडव झाला, आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे लागले. वऱ्हाड मचव्याने आज दुपारी यायचं. तिन्हीसांजा झाल्या, पत्ता नाही. वारा पडलाय. स. किल्ल्यावर दहा वेळा जाऊन आला. त्याला सांगितलं, पहाटे मतलई सुटेल, जमिनीवरचा वारा, घेऊन येईल त्यांना. सांगितलं खरं. वाऱ्याचं पंचांग माझ्याकडे नाही.

वैशाख शु. १०

दमलोय. पण आजचं आजच लिहिलं पाहिजे.

उजाडताच घंगाळात पाणी भरलं. घटिकेची पूजा केली, हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. अर्धं बिंब वर आलं तशी वाटी सोडली. शेजारी लाल फडक्यावर स.चं घड्याळ. एकेक वाटी बुडाली की मी पाटावर कुंकवाचं बोट लावत होतो. समोर ते टिकटिक करतंय. दोन सवती एका माजघरात.

वऱ्हाड नाही. मचवा दूर दिसायला लागला, पण शिडं लोंबलेली. वल्ही मारताहेत म्हणून किल्ल्यावरून ओरडून कळलं. स. नव्या कोटात मांडवाच्या या टोकाहून त्या टोकाला. दहा वाजले. सव्वादहा. साडेदहा झाले आणि स. मटकन खाली बसला.

"गेली, भटजी. येळ गेली."

बायका रडू लागल्या. यमुना पिवळं नेसून उभी, चेहरा सुकलेला. मी पाटाकडे पाहिलं. कुंकवाची बोटं दहा. पुन्हा मोजली. दहाच.

उभा राहून ओरडलो, "कोण म्हणतो गेली? दोन घटका आहेत अजून!"

आणि गंमत अशी की कोणाचा विश्वासच बसेना. तीन महिन्यांत गाव एवढं फितूर! तरीवाला म्हणतो, "भटजी, घड्याळ कसं चुकेल?" शाळामास्तर गालात हसतो. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सूर्य काय पलटणीत होता? तो उगवला तेव्हा मी वाटी सोडली. तुमच्या घड्याळानं सूर्य बघितला होता का?"

स.ने वर पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उठून घड्याळ लाल फडक्यात गुंडाळायला गेला, थांबला, तसंच ठेवलंन. म्हणाला, "भटजी सांगतात तर आहेत दोन घटका. पोरांनो, होड्या घाला. वऱ्हाडाला ओढून आणा."

आठ होड्या गेल्या. मचव्याला दोर बांधून खाडीत ओढत आणलान पोरांनी. सीमांतपूजन बंदरावरच, उभ्या उभ्या. नवरा मांडवात आला तेव्हा घड्याळात सव्वाअकरा, माझी बारावी वाटी काठोकाठ आलेली. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं मी अशी म्हटली की घसा अजून दुखतोय. वाटी बुडाली. "सावधान!" अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली.

स. घड्याळाकडे बघत होता. डोळ्यांतून धार. "अकरा वीस," म्हणाला. "अकरा वीस, भटजी."

मीही रडलो. सौ.ने पाहिलं.

वैशाख वद्य १

गावात माझा भाव वधारला. आज सकाळपासून चार जण वेळ विचारायला आले. एकाला मुद्दाम दोनदा सावली मोजून सांगितलं. आंधळा अनाजी म्हणतो, "मी तर आधीपासून तुमचाच." खरं आहे.

वैशाख वद्य ४, रत्नागिरी

कामासाठी आलो होतो. तारमास्तर ओळखीचे, स. पेन्शनला येतो तेव्हा घड्याळ त्यांच्याकडेच लावतो. त्यांना जरा ताठ मानेने सगळी हकिकत सांगितली. ते हसले. म्हणाले, "भटजीबुवा, तारेचं घड्याळ सबंध देशाचं एकच, रेल्वेला सोयीचं. सूर्य ज्याच्या त्याच्या गावचा वेगळा. आपल्याकडचा सूर्य त्या घड्याळाच्या सदतीस मिनिटं मागे. तुमचं पंचांगातलं साडेदहा म्हणजे हवालदारांच्या घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं."

म्हणजे साडेदहा सांगण्यात घोटाळा माझाच. घड्याळ खरं, घटिकाही खरी. आनंदाने चहा प्यायलो त्यांच्याकडे.

होडीत बसल्यावर डोक्यात आलं. अकरा सात. मग लग्न अकरा वीसला कसं लागलं? तेरा मिनिटं कुठली?

वैशाख वद्य ५

स.कडून घड्याळ दुपारपुरतं मागून आणलं. "काय करताय?" "काही नाही, सौ.ला भात लावायचाय." घटिका लग्नाच्या दिवसापासून फडक्यात तशीच होती. पाण्यात सोडली. पंचवीस मिनिटं! पुन्हा सोडली. पुन्हा पंचवीस.

उजेडाकडे धरून पाहिली. भोकाच्या कडेला हळदीत चिकटून बसलेली तांदळाची कणी. एवढीशी. मीच वाहिलेल्या अक्षतांतली. अक्षतेत मोडका दाणा चालत नाही, पण ती कणी कोणी बघितली?

सौ.ला म्हटलं, "निवडताना चष्मा लाव."

"वाहताना तुम्ही लावा," म्हणाली.

सुईने कणी काढली. वाटी चोविसाव्या मिनिटाला बुडाली, अगदी काट्यावर. पाच पिढ्यांची वाटी खरी ठरली, नि ती ठरवली सखाच्या घड्याळाने.

तेव्हा हिशेब असा. बारा वाट्यांची बारा मिनिटं कणीची, तेरावं वाट्या काढून पुन्हा सोडण्यात. खरा मुहूर्त अकरा सात. नवरा मांडवात आला सव्वाअकराला. घटिका चोख असती तर पोरगी तशीच उभी राहिली असती आणि मी सगळ्यांदेखत मान खाली घातली असती. एका कणीने लग्न लावलं.

कणी कागदाच्या पुडीत घालून या वहीत ठेवली आहे.

वैशाख वद्य ११

यमुना माहेरपणाला आली आहे. जावई मनगटी घड्याळ घेणार म्हणतो. गिरणीत भोंग्याच्या आत पोचलं नाही तर खाडा धरतात. लढाईतली वस्तू आता फिटरच्या हाताला. पोरगी खुशीत दिसते. सासूने चुलीजवळ बसू दिलं नाही म्हणे, चार दिवस मिरवलीन.

ज्येष्ठ शु. २

स. घड्याळाला किल्ली देत बसला होता. म्हणाला, "भटजी, सात धा आता कधी येतात नि जातात, कळत नाय. पण अकरा वीसला बघतो मी रोज. नि बघून हसतो. बायको म्हणते, येड लागलं." मग एकदम गंभीर होऊन, "एक विचारू? तुमी शास्तर जाणता. नेमक्या मिनिटाला लागलं ना हो?"

तोंड उघडलं मी. तेवढ्यात तरीवाल्याने हाक मारली, "भटजी, पाच मिनिटांत सोडतोय!" आणि मी चक्क धावत सुटलो. काम काही नव्हतं पलीकडे. जाऊन तसाच परत आलो.

ज्येष्ठ शु. ३

रात्रभर बरी झोप नाही. सांगितलं तर त्याचं ते एक चांगलं मिनिट जाईल. नाही सांगितलं तर सखाशी खोटं बोलल्यासारखं होईल, आणि त्याच्याशी मी आजवर फक्त लहानपणी चोरलेल्या चिंचांच्या बाबतीत खोटं बोललोय. सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "अक्षता पडल्या तोच मुहूर्त." हे कुठल्या पंचांगात आहे विचारलं, तर भांडी घासायला गेली.

पुडी काढून टेबलावर ठेवली आहे. सखा आज येतोय. निरोप आलाय, पाच वाजता येतो म्हणून. तारेच्या पाचला की माझ्या सूर्याच्या, ते सांगितलेलं नाही. म्हणजे विचार करायला सदतीस मिनिटं जास्त मिळाली तर मिळाली. चहाचं आधण आत्ताच ठेवायला सांगितलंय.