तुडुमाला तीन कुलपं

२० सप्टें. ८२
तलावावर मीटिंग. भंडाऱ्याहून पाटबंधारे खात्याचे साहेब, धीवरांच्या मासेमारी सोसायटीचे अध्यक्ष, वरच्या गावचा पुढारी, म्हणजे माझा साळा तुळशीराम. आमच्या गावातर्फे मी. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, खात्याची, मासे सोसायटीचे, तलावात येणारा नाला वरच्या गावाचा. खालच्या, आमच्या धानाबद्दल कोणी तोंड उघडेना. शेवटी ठरलं काय, तर पाणी सोडायच्या तुडुमाला तीन कुलपं. तिघांच्या चाब्या जमल्या तरच पाणी. आमच्याकडे चाबीच नाही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. शी.

१ ऑक्टो.
धान निसवतंय. बांध्यांना, धानाच्या वाफ्यांना, भेगा. या आठवड्यात पाणी नाही, तर लोंब्या पोचट. तलाव अर्धा भरलेला डोळ्यासमोर. साहेब दौऱ्यावर. अध्यक्ष म्हणतात, "माश्याचं बीज लहान हाय. पानी उतरलं त मरंल."

४ ऑक्टो.
साहेबांची चाबी चपराशानं आणली. सोसायटीनंही दिली, पण कमरेएवढं पाणी तलावात राखायच्या बोलीवर. उरला तुळशीराम. सायकल मारत गेलो. म्हणतो, "आमी नाला अडवतो म्हटलं त तुमीच बोंबललात. आता आमच्या बांध्या सुकून राहिल्या. तुमच्या गावाले कायले देऊ पानी?"
बोंबललो होतो, खरं आहे. तरी संताप आला.

७ ऑक्टो.
सुशीला माहेरी जाऊन आली. पदराच्या गाठीत तिसरी चाबी. भावाचा निरोप: "जवाईबापूले सांग, तुमच्यापुरतं भिजवा आन् चाबी वापस करा. गावाले नाही."
आमची बांधी पाळीला लागूनच, कोणाला कळणारही नाही. पण गावची रीत अशी की पाणी आधी शेवटच्या बांधीला, मग एकेक वर सरकायचं. आमचा नंबर सर्वांत शेवटी. तोवर तलाव कमरेला येईल, सोसायटी तुडूम बंद करेल.
सुशीला म्हणाली, "घ्या न आपलं भिजवून. आपन का चोरी करून राहिलो?"
किळस आली. तुळशीरामची, साहेबाची, त्या टाळ्यांची. चाबी परत मात्र केली नाही.

८ ऑक्टो.
सकाळीच जंगलू दारात, खांद्यावर फावडं. शेवटची बांधी त्याची. "चाबी आली म्हन्ते. मी पाट साफ करून ठेवला. चाल, सोडू."
सुशीलानं चुलीवरून मान वर केली नाही. चाबी माझ्या खिशात.
बस म्हटलं त्याला. ओट्यावर बसला आहे. मी आत येऊन हे लिहितो आहे.